पॅकरची सर्कस आणि हिशेबात न धरलेल्या १४१५ धावा

हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना मी मध्ये मध्ये भरकटलो होतो, ते थोडं आवरून घेतलंय. सगळं नाही.

ग्रेग चॅपेल हे नाव घेतलं की आपल्या पिढीला काय आठवतं? २००५, सौरव गांगुली, बाहेर फुटलेला ई-मेल आणि २००७ च्या वर्ल्ड कपमधून पहिल्याच फेरीत घरी आलेली टीम. टोनी ग्रेग म्हटलं की शारजा १९९८. सचिनच्या त्या खेळ्यांची क्लिप यूट्यूबवर लावा, मागे घसा ताणून ओरडणारा जो उंच आवाज आहे ना, तोच. आणि बॉबी सिम्प्सन? कुणाला आठवलाच तर १९८७ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाचा कोच म्हणून.

ही तिन्ही माणसं १९७७ मध्ये एकाच भांडणात होती. ग्रेग चॅपेल ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन असताना गुपचूप दुसऱ्या छावणीत गेला. टोनी ग्रेग इंग्लंडचा कॅप्टन असताना त्या छावणीसाठी खेळाडू गोळा करत होता. आणि बॉबी सिम्प्सन रिटायर होऊन जवळपास दहा वर्षं झाल्यावर, वयाच्या ४१ व्या वर्षी, उरलेल्या ऑस्ट्रेलियाची कॅप्टन्सी करायला परत आला. समोर कोण? बेदीची भारतीय टीम. सलामीला आपला सुनील गावसकर.

वाद त्या काळातल्या खेळाडूंवरून आहे. ऑस्ट्रेलियाची सर्वकालीन अकरा काढायला बसलं की दोन जागांवर हमखास भांडण होतं. चौथ्या नंबरवर ग्रेग चॅपेल की पॉन्टिंग की स्टीव्ह स्मिथ? आणि नवा बॉल लिलीकडे द्यायचा की मॅकग्राकडे? लगेच कुणीतरी मोबाइल काढतं. मॅकग्रा ५६३ विकेट, लिली ३५५. पॉन्टिंग १३,३७८ धावा, चॅपेल ७,११०. संपला विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे की विषय तिथे संपत नाही, कारण मोबाइलवर दिसणारं ते टेबल अपुरं आहे. त्या दोघांच्या ऐन उमेदीची दोन वर्षं त्यात नाहीत. ते जखमी नव्हते, बसूनही नव्हते. आयुष्यातलं सगळ्यात कठीण क्रिकेट खेळत होते. ते मोजायचं नाही असं ज्यांनी ठरवलं, ते त्या भांडणातली एक बाजू होते.

आता भांडणाच्या मुळाशी जाऊ.

१९७४-७५ चा सीझन. ऑस्ट्रेलियात ॲशेस. लिली आणि थॉमसन इंग्लंडच्या बॅट्समनना अक्षरशः झोडपून काढत होते आणि ते बघायला मैदानं भरत होती. खेळाडूला एका टेस्टचे मिळायचे २०० डॉलरच्या आसपास. वर्षभर पोट भरायला वेगळी नोकरी करायची आणि दौरा आला की तिथून रजा मागायची. कॅप्टन इयान चॅपेलने मानधनाचा विषय बोर्डाकडे काढला. तेव्हा बोर्डाचा सेक्रेटरी ॲलन बार्न्स वर्तमानपत्राला म्हणाला की हे काही व्यावसायिक खेळाडू नाहीत, त्यांना खेळायला बोलावलं जातं. त्यांना अटी पसंत नसतील तर त्यांची जागा घ्यायला देशात आणखी पाच लाख लोक तयार आहेत.

इयान रेडपाथ नावाचा ओपनर होता त्या टीममध्ये. सभ्य, शांत माणूस. जुन्या वस्तूंचं दुकान होतं त्याचं. इयान चॅपेलने नंतर अनेकदा सांगितलेला किस्सा असा की हा रेडपाथ ड्रेसिंग रूममध्ये आलेल्या बार्न्सच्या अंगावर धावून गेला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: अरे बाबा, पाच लाख लोक फुकट खेळतील हे खरंच आहे, पण ती टीम किती चांगली असेल?

मला विचाराल तर पुढच्या सगळ्या कोर्टकज्जांचा गाभा रेडपाथच्या या एका प्रश्नात आहे. आणि बोर्डाने पुढच्या दोन वर्षांत त्या प्रश्नाचं उत्तर स्वखर्चाने शोधून दाखवलं.

आता पॅकर. केरी पॅकर हा चॅनल नाइनचा मालक. क्रिकेटवर त्याचं प्रेम वगैरे होतं, पण त्याला आधी दिसला धंदा. ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला मार्च १९७५ मध्ये. शिवाय तिथल्या चॅनलना ठरावीक प्रमाणात देशी कार्यक्रम दाखवणं सक्तीचं होतं, आणि नाटक-मालिका बनवायला खर्च येतो. क्रिकेट म्हणजे दिवसाला सहा तासांचा तयार माल, प्रत्येक ओव्हरनंतर जाहिरातीला आपोआप जागा. १९७६ मध्ये त्याने बोर्डाला तीन वर्षांसाठी १५ लाख डॉलर देऊ केले. बोर्डाने हक्क दिले एबीसी या सरकारी वाहिनीला, जवळपास दोन लाखांत. पुन्हा वाचा. पंधरा लाख नको, दोन लाख चालतील. कारण काय, तर एबीसीशी जुने संबंध.

योगायोग बघा. त्याच सुमारास लिलीचे व्यवहार सांभाळणारा ऑस्टिन रॉबर्टसन आणि टीव्ही निर्माता जॉन कॉर्नेल यांच्या डोक्यात एक योजना शिजत होती: खेळाडूंना नीट पैसे मिळतील अशा खासगी मॅचेस. ते पॅकरकडे गेले. पॅकरने विचारलं असणार की फक्त ऑस्ट्रेलियाचेच कशाला, जगातले सगळे चांगले खेळाडू का नकोत?

मग गुपचूप सह्या सुरू झाल्या. मार्च १९७७ मध्ये मेलबर्नला शतकमहोत्सवी टेस्ट होती. पहिल्या टेस्टला १०० वर्षं झाली म्हणून जुनेजाणते खेळाडू जगभरातून जमलेले. मॅचही तशीच रंगली. लिलीच्या ११ विकेट, जबडा मोडलेला मॅकॉस्कर तोंडाला बँडेज बांधून बॅटिंगला आला, डेव्हिड हुक्स नावाच्या पोराने टोनी ग्रेगला सलग पाच चौकार मारले, आणि ऑस्ट्रेलिया जिंकली ४५ धावांनी. १८७७ मध्येही नेमक्या ४५ धावांनीच. स्टँडमध्ये परंपरेचा सोहळा चालू होता आणि ड्रेसिंग रूममध्ये ऑस्टिन रॉबर्टसन नाटकाची तिकिटं आहेत असं सांगून पाकिटं वाटत होता. आत पॅकरचे चेक. लिली आणि ग्रेग चॅपेल यांचे करार होते वर्षाला ३५,००० डॉलरचे.

मे महिन्यात बातमी फुटली. ऑस्ट्रेलियाची टीम तेव्हा ॲशेससाठी इंग्लंडमध्ये होती. १७ पैकी १३ जणांनी सही केलेली. राहिलेले चार म्हणजे किम ह्यूज, क्रेग सार्जंट, गॅरी कोझियर आणि जेफ डायमॉक. विचार करा त्या बसमधलं वातावरण काय असेल. ॲशेस ३-० ने गेली. ग्रेगची इंग्लंडची कॅप्टन्सी गेली. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं 'पॅकरची सर्कस'.

जुलैमध्ये आयसीसीने फतवा काढला: १ ऑक्टोबरनंतर जो पॅकरकडे खेळेल तो टेस्ट खेळू शकणार नाही. इंग्लंडचं बोर्ड आणखी पुढे गेलं, काउंटी क्रिकेटही बंद म्हणालं. यावर टोनी ग्रेग, माइक प्रॉक्टर आणि जॉन स्नो लंडनच्या हायकोर्टात गेले. खर्च अर्थात पॅकरचा. नोव्हेंबर १९७७ मध्ये न्यायमूर्ती स्लेड यांनी निकाल दिला आणि बंदी बेकायदा ठरली. मुद्दा सोपा होता. तुम्ही खेळाडूला वर्षातले काही आठवडे काम देणार, पुढच्या वर्षी घ्याल याची हमी नाही, पुरेसे पैसे नाहीत, आणि उरलेल्या काळात त्याने दुसरीकडे पोट भरायचं नाही? हे माणसाच्या रोजगारावर अवाजवी बंधन झालं. आमच्या आयटीत बाँड आणि तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडवर जी कुरबुर चालते, तिचा हा क्रिकेटमधला थोरला भाऊ. फक्त इथे कुणीतरी खरंच कोर्टात गेलं.

यानंतर येते माझी आवडती तारीख. २ डिसेंबर १९७७.

त्या दिवशी ऑस्ट्रेलियात दोन मॅचेस सुरू झाल्या. एक ब्रिस्बेनला: ऑस्ट्रेलिया विरुद्ध भारत, अधिकृत टेस्ट. दुसरी मेलबर्नच्या बाहेर व्हीएफएल पार्कवर: पॅकरचे ऑस्ट्रेलियन विरुद्ध पॅकरचे वेस्ट इंडियन. तिला टेस्ट म्हणता येत नव्हतं म्हणून 'सुपरटेस्ट' म्हटलं. मोठी मैदानं बोर्डाच्या ताब्यात, त्यामुळे पॅकरने फुटबॉलचं स्टेडियम भाड्याने घेतलेलं. तिथे पिच कुठून येणार? जॉन मेली या क्युरेटरने काँक्रीटच्या ट्रेमध्ये, काचघरात गवत वाढवून पिच तयार केली आणि क्रेनने उचलून मैदानात बसवली. आज मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर जी ड्रॉप-इन पिच दिसते, तिचं मूळ हे.

ब्रिस्बेनला सिम्प्सनच्या टीममध्ये अर्ध्याहून जास्त नवी पोरं. व्हीएफएल पार्कवर चॅपेल बंधू, लिली, मार्श, समोर लॉइड, रिचर्ड्स, रॉबर्ट्स, होल्डिंग. आणि लोक कुठे गेले? ब्रिस्बेनला. पॅकरच्या प्रचंड स्टेडियममध्ये मूठभर माणसं बसली होती. रेडपाथच्या प्रश्नाला पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी दिलेलं उत्तर बोर्डाच्या बाजूचं होतं, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लोकांना 'ऑस्ट्रेलिया' बघायची होती. ती टोपी कुणाच्या डोक्यावर आहे हे दुय्यम होतं.

आणि ती भारताची सीरिज खरंच बहारदार झाली. पहिली टेस्ट आपण १६ धावांनी हरलो. दुसरी पर्थला दोन विकेटनी. मेलबर्नला चंद्रशेखरने दोन्ही डावांत ५२ धावांत सहा-सहा विकेट काढल्या आणि आपण २२२ धावांनी जिंकलो. सिडनीला डावाने जिंकलो. २-२. ॲडलेडला जिंकायला ४९३ हवे होते आणि आपण ४४५ पर्यंत गेलो! ४७ धावांनी हरलो आणि सीरिज ३-२ ने गेली. गावसकरने पहिल्या तीन टेस्टमध्ये तीन शतकं ठोकली, तिन्ही दुसऱ्या डावात. ४१ वर्षांच्या सिम्प्सनने ५३९ धावा केल्या.

समोर जेफ थॉमसन होता, हे विसरू नका. थॉमसनची गंमत वेगळीच. त्याने पॅकरशी करार केला होता. पण ब्रिस्बेनच्या एका रेडिओ स्टेशनशी त्याचा आधीचा मोठा करार होता, त्यात तो क्वीन्सलंडसाठी उपलब्ध असणं गरजेचं. म्हणून तो मागे फिरला. वर्षभराने पॅकरकडे जायचं म्हणाला तर बोर्डाने कोर्टातून अडवलं. शेवटी १९७९ मध्ये कॅरिबियन दौऱ्यावर तो पॅकरच्या टीममधून खेळला. म्हणजे देशप्रेमी आणि गद्दार अशी सरळ विभागणी करायला गेलं की थॉमसन दोन्ही याद्यांत सापडतो.

आता व्हीएफएल पार्कच्या रिकाम्या स्टँडकडे परत येऊ, कारण तिथे काय दर्जाचं क्रिकेट चाललं होतं यावर आपला वाद अवलंबून आहे. टीकाकार म्हणतात, पैसे घेऊन केलेला तमाशा, त्याला कसलं आलंय टेस्टचं मोल. डिसेंबर १९७७ मधली दुसरी सुपरटेस्ट बघा. सिडनी शोग्राउंड. शतकमहोत्सवी टेस्टमध्ये ग्रेगला पाच चौकार मारणारा तोच डेव्हिड हुक्स ८१ वर खेळत होता. अँडी रॉबर्ट्सचा बाउन्सर आला आणि हुक्सचा जबडा मोडला. हेल्मेट नव्हतं. पॅकरने स्वतःच्या गाडीत घालून त्याला हॉस्पिटलला नेलं. त्याच सीझनमध्ये डेनिस ॲमिस मोटरसायकलवाल्यांसारखं हेल्मेट घालून आला होता तेव्हा लोक हसले होते. हुक्सनंतर हसणं कमी झालं. आज गल्लीतल्या अकॅडमीतही पोरगं हेल्मेटशिवाय नेटमध्ये जात नाही, त्याची सुरुवात तमाशा म्हणवल्या गेलेल्या या मॅचेसमध्ये आहे.

रोज समोर चार फास्ट बॉलर. एक टीम थकली तर दुसरी, कारण वर्ल्ड इलेव्हनमध्ये इम्रान, प्रॉक्टर, पुढे ल रू. लपायला जागाच नाही. टेस्ट क्रिकेटमध्ये कधी न्यूझीलंड यायचं, कधी एखादी नवखी टीम, बॅट्समनला श्वास घ्यायला मिळायचा. इथे तो नव्हता.

या परिस्थितीत ग्रेग चॅपेलने सुपरटेस्टमध्ये १४१५ धावा केल्या, सरासरी ५६.६०. त्याची अधिकृत टेस्ट सरासरी आहे ५३.८६. म्हणजे बॉलिंग अवघड झाली आणि त्याची सरासरी वाढली. १९७९ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये जाऊन, त्यांच्याच मैदानांवर, पाच सुपरटेस्टमध्ये सहाशेहून जास्त धावा. लिलीच्या ६७ विकेट, वयाच्या २८-२९ व्या वर्षी. व्हिव्ह रिचर्ड्सच्या १२८१ धावा. आणि बॅरी रिचर्ड्स! दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्कारामुळे ज्याला आयुष्यात फक्त चार टेस्ट मिळाल्या, त्याने पाच सुपरटेस्टमध्ये ५५४ धावा केल्या, सरासरी ७९.

अधिकृत टेबलमध्ये यातलं काहीच नाही. शून्य पण नाही. शून्य म्हणजे निदान खेळला आणि बाद झाला. इथे ओळच नाही.

यावर खरा, विचार करण्यासारखा आक्षेप असा आहे: उद्या कुणीही श्रीमंत माणूस चांगले खेळाडू जमवून मॅच भरवेल, मग सगळ्यालाच टेस्ट म्हणायचं का? रेकॉर्डला काहीतरी शिस्त हवी. मान्य आहे. मी दिवसभर डेटाबेस सांभाळतो, शिस्तीचं महत्त्व मला समजावायला नको. पण मग ऑक्टोबर २००५ ची सिडनीतली मॅच काय होती? ऑस्ट्रेलिया विरुद्ध वर्ल्ड इलेव्हन, आपले द्रविड आणि सेहवाग त्यात खेळले. टीव्हीसाठी मांडलेला एक इव्हेंट, प्रतिस्पर्धी हा देशच नाही. तिला आयसीसीने अधिकृत टेस्टचा दर्जा दिला, त्यातल्या धावा-विकेट आजही मोजल्या जातात. मॅच कुणी भरवली एवढाच तर फरक. म्हणजे शिस्त क्रिकेटच्या दर्जाची नव्हती, शिक्क्याची होती.

क्रिकेट ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये आपल्या खेळाडूंचे हे आकडे मान्य केले, पण वेगळ्या रकान्यात. टेस्टमध्ये मिसळले नाहीत. मला हे पटतं, खरं सांगतो. मिसळू नका. फक्त वाद घालताना तो रकाना उघडा ठेवा.

कारण उलट बाजूने हा वाद आपल्या घरात येतो, आणि तिथे मुंबईकरांची पंचाईत होते.

पॅकरकडे एकही भारतीय खेळाडू नव्हता. त्यामुळे ज्या दोन वर्षांत बाकीच्या टीम फुटल्या, त्या काळात आपण पूर्ण ताकदीने खेळत होतो. १९७८-७९ मध्ये कालीचरणची वेस्ट इंडिज टीम भारतात आली. लॉइड, रिचर्ड्स, रॉबर्ट्स, होल्डिंग नाहीत. गावसकरने त्या सीरिजमध्ये ७३२ धावा केल्या, वानखेडेवर २०५. आपण १-० जिंकलो. मग १९७९ मध्ये किम ह्यूजची ऑस्ट्रेलिया सहा टेस्ट खेळायला आली. तोपर्यंत पॅकर आणि बोर्डात समेट झाला होता, पण पॅकरवाले खेळाडू त्या दौऱ्यात नव्हते. आपण २-० ने जिंकलो. शेवटची टेस्ट वानखेडेवर, डाव आणि १०० धावांनी. गावसकर १२३, नाइट वॉचमन म्हणून आलेला किरमाणी नाबाद १०१. भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकलेली ही पहिलीच टेस्ट सीरिज.

आणि महिन्याभरात, डिसेंबर १९७९ मध्ये, ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजविरुद्ध ऑस्ट्रेलियाची एकत्र टीम उतरली. ग्रेग चॅपेल, लिली, मार्श, हुक्स, सगळे परत. वानखेडेवर हरलेल्यांपैकी त्या अकरात राहिले फक्त बॉर्डर, ह्यूज आणि हॉग. बाकीच्यांना सांगितलं गेलं, धन्यवाद, आता घरी जा. त्यातल्या कित्येकांचं नाव आज क्विझमध्येही येत नाही. दोन वर्षं बोर्डाचा झेंडा धरून उभे राहिले ते हे लोक.

मग १९७९ चा विजय कमअस्सल का? गावसकरच्या ७३२ ला फुली मारायची का? काही ऑस्ट्रेलियन आणि इंग्लिश लेखक हळूच तसं सुचवतात. माझं मत: अजिबात नाही. समोर जी टीम येते तिच्याशीच खेळावं लागतं, आणि गावसकरने १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला जाऊन ७७४ धावा केल्या होत्या, त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. पण मग एकाच तराजूने तोला. दुबळ्या टीमविरुद्धच्या धावा 'अधिकृत' म्हणून पूर्ण मोजायच्या आणि रॉबर्ट्स-होल्डिंग-गार्नरविरुद्धच्या धावा 'सर्कस' म्हणून वगळायच्या, हे जमणार नाही. सिम्प्सनचे ५३९ खरे असतील, आणि ते आहेतच, तर चॅपेलचे १४१५ सुद्धा खरे आहेत.

समेट कसा झाला ते थोडक्यात. दुसऱ्या सीझनमध्ये वारं फिरलं. न्यू साउथ वेल्स सरकारने सिडनीचं मोठं मैदान पॅकरला उघडून दिलं, तिथे दिव्यांचे टॉवर उभे राहिले. २८ नोव्हेंबर १९७८ ला पहिली डे-नाइट मॅच, पांढरा बॉल, आणि ४४ हजारांहून जास्त माणसं. आदल्या वर्षी रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळलेले लोक हे बघून चक्रावले असतील. पुढे रंगीत कपडे आले. वेस्ट इंडिजच्या त्या दांडग्या फास्ट बॉलरना चक्क गुलाबी दिले होते. दोन्ही टोकांना कॅमेरे आले, त्यामुळे एक ओव्हर सोडून बॅट्समनची पाठ बघायचा त्रास संपला. तिकडे बोर्डाची टीम ग्रॅहम यॅलपच्या हाताखाली ॲशेस ५-१ ने हरली. रॉडनी हॉगने ४१ विकेट काढूनही! रेडपाथच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर आलं: टोपी तीच, पण टीम हरत राहिली की लोक टोपी बघायलाही येत नाहीत.

मे १९७९ मध्ये बोर्डाने हात टेकले. चॅनल नाइनला हक्क, आणि पॅकरच्याच कंपनीला दहा वर्षं क्रिकेटच्या मार्केटिंगचं काम. म्हणजे १५ लाखांना नाही म्हटलेलं बोर्ड तीन वर्षांनी सगळंच देऊन बसलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियात आठ बॉलची ओव्हर जाऊन सहाची आली. योगायोग म्हणा, पण ओव्हर लवकर संपली की जाहिरात लवकर येते.

खेळाडूंना पैसे मिळाले, पण फुकट नाही. मॅचेसची इतकी रांग लागली की त्यांना दमायलाही वेळ उरला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला ग्रेग चॅपेलने भाऊ ट्रेव्हरला न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा बॉल सरपटी टाकायला लावला, तो कुप्रसिद्ध अंडरआर्म. नंतर तो म्हणाला की त्या काळात आपण मानसिकदृष्ट्या कॅप्टन्सी करण्याच्या अवस्थेत नव्हतो. सबब म्हणून मी हे स्वीकारत नाही. पण त्या सीझनचं वेळापत्रक बघितलं की माणूस कशाने पिचला ते कळतं.

आपल्याकडे याची झेरॉक्स निघाली तीस वर्षांनी. २००७ मध्ये सुभाष चंद्रांच्या झी समूहाने, टीव्ही हक्क मिळत नाहीत म्हणून, इंडियन क्रिकेट लीग काढली. कपिलदेव सोबत. बीसीसीआयने खेळाडूंवर बंदी घातली, कपिलला राष्ट्रीय अकॅडमीतून काढलं. फरक एवढाच की आपलं बोर्ड ऑस्ट्रेलियाच्या बोर्डापेक्षा हुशार निघालं: एप्रिल २००८ मध्ये स्वतःचीच लीग काढली, आयपीएल. आयसीएलवाले रस्त्यावर आले, नंतर माफी मिळाल्यावर अंबाती रायुडूसारखे काही परतले, बरेचसे नाही. त्यांच्या बाजूने निकाल देणारा कुणी स्लेड आला नाही आणि त्यांच्या धावांसाठी वेगळा रकानाही नाही.

आता माझी टीम. चौथ्या नंबरवर ग्रेग चॅपेल, आणि हे मी गांगुली प्रकरण माहीत असूनही म्हणतोय. पॉन्टिंग तिसऱ्यावर. नवा बॉल लिली आणि मॅकग्रा दोघांकडे, तिथे भांडायचं कशाला? कॅप्टन इयान चॅपेल, कारण पाच लाखांच्या उत्तरासमोर उभा राहिलेला माणूस मला कॅप्टन म्हणून हवा.

एक माणूस मी मुद्दाम शिल्लक ठेवलाय. किम ह्यूज. १९७७ च्या त्या चार जणांतला एक, जो पॅकरकडे गेला नाही, बोर्डासोबत राहिला. समेटानंतर लिली, मार्शसारख्या दिग्गजांच्या वर कॅप्टन म्हणून बसवला गेला आणि त्यांच्याशी कधीच जमलं नाही. नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिस्बेनला पत्रकारांसमोर राजीनामा वाचताना रडला, शेवटपर्यंत वाचूही शकला नाही. आणि पुढच्याच वर्षी हाच 'निष्ठावंत' ह्यूज बंडखोर टीमचा कॅप्टन होऊन वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला. पॅकरच्या बंडात निदान कुणाच्या रंगावरून मैदान बंद नव्हतं. वेस्ट इंडिजचे खेळाडू तिथे मधोमध होते. ह्यूजचं बंड वेगळ्या जातीचं होतं, आणि त्यावर बोलायला पूर्ण एपिसोड लागेल. तो पुढच्या रविवारी. तोपर्यंत तुमचा चौथा नंबर कळवा.